जुन्या टबाचा नवा मुलामा टिकतो कशाने?

दादरच्या हिंदू कॉलनीत माझ्या मावशीच्या न्हाणीघरात ओतीव लोखंडाचा एक टब आहे, इमारतीइतकाच जुना. त्यात कुणी अंग टाकून आंघोळ केल्याचं मला आठवत नाही. पहाटे पालिकेचं पाणी आलं की तो भरायचा आणि दिवसभर बादलीने पाणी काढायचं, हाच त्याचा उपयोग. गेल्या वर्षी त्याची अवस्था बघवेना. नळाखाली पिवळट-तपकिरी ओघळ, तळ हात लावला की खरखरीत, आणि कडेला एक टवका उडून काळं लोखंड दिसत होतं.

प्लंबरने सांगितलं, टब सगळा काढायचा तर आतल्या आत फोडावा लागेल, भोवतीच्या लाद्या जातील, खालचं वॉटरप्रूफिंग उखडेल आणि मग खालच्या मजल्यावर गळती लागली तर ती जबाबदारी वेगळी. त्याच आठवड्यात शेजारी कुणीतरी बोललं, "री-ग्लेझिंग करून घ्या, एका दिवसात नवा होतो." मावशीचा फोन आला, "अगं, टबाला रंग लावतात म्हणे. टिकतो का तो? की पैसे पाण्यात?"

टिकतो. पण तो ज्याच्यामुळे टिकतो ते काम रंगाचा डबा उघडायच्या आधीच झालेलं असतं. ते काम काय, ते का लागतं आणि कुठे चुकतं, हे समजलं की कारागिराला काय विचारायचं तेही आपोआप कळतं.

## मूळची चकाकी ही काच असते

पत्र्याचे पांढरे मग आणि निळ्या काठाच्या थाळ्या आठवतात? पडल्या की टवका उडायचा आणि खालचं काळं दिसायचं. त्यांना आपण एनॅमलची भांडी म्हणायचो. जुन्या टबावरचा पांढरा थर तोच. एनॅमल म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. रंग समजून बघितलं तर पुढचं सगळं गणित चुकतं.

ओतीव लोखंडाच्या टबावर ती बसवायची रीत ऐकण्यासारखी आहे. टब भट्टीत लालबुंद करतात, बाहेर काढतात आणि तापलेल्या लोखंडावर काचेची बारीक पूड चाळणीने भुरभुरवतात. पूड जागेवरच वितळते. पुन्हा भट्टी, पुन्हा पूड. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जॉन मायकल कोलर यांनी १८८३ साली घोड्यांना पाणी पाजायचं लोखंडी टाकं सुमारे ९२५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यावर अशीच पूड टाकली, त्याला चार पाय लावले आणि टब म्हणून विकलं, असं त्यांची कंपनी आपल्या इतिहासात सांगते. इतक्या उष्णतेत काच आणि लोखंड एकमेकांत जे बसतात ते पन्नास-साठ वर्षं सहज टिकतं.

बेसिनचं थोडं वेगळं. ते बहुतेक वेळा चिनी मातीचं असतं आणि त्यावरची चकाकीही काचेचीच, मातीबरोबर भट्टीत भाजलेली. अलीकडचे हलके टब मात्र ॲक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकचे. आपला टब कोणता हे ओळखायला फ्रिजवरचं मॅग्नेट पुरतं. चिकटलं तर आत लोखंड किंवा पोलाद आहे. चिकटलं नाही आणि दाबल्यावर तळ किंचित लवला, तर ॲक्रिलिक.

## आधी खात्री करा की तो खरंच झिजलाय

झिजलेली म्हणून दाखवलेली बरीच बेसिनं झिजलेली नसतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत तर हे नेहमीचं. पाण्यातले क्षार थरावर थर साचत जातात आणि पृष्ठभाग मळका, खरखरीत होतो. एका कोपऱ्यात कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पाच मिनिटं ठेवा, मग धुऊन पुसा. तेवढी जागा गुळगुळीत आणि चकचकीत झाली तर तो फक्त क्षार होता आणि तुमचे पैसे वाचले. पाच मिनिटांच्या वर मात्र नको, जुन्या एनॅमलला आम्ल सोसत नाही.

बोळा उचलल्यावरही जागा निस्तेज राहिली, नखाला बारीक कण लागले, तर काच खरोखर खाल्ली गेली आहे. ती खाल्ली जाते बहुतेक आपल्याच हातांनी. संडास धुवायचं ॲसिड "जरा टबातही टाक" म्हणून ओतलं जातं. भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी रोज फिरते. वर्षानुवर्षं एकाच जागी ठिबकणारा नळ आपला ओघळ कोरत बसतो. काचेवर सूक्ष्म ओरखडे पडले की मळ त्यांत रुततो, मळ दिसला की आपण आणखी जोर लावतो, आणि ओरखडे आणखी वाढतात.

## नवा थर काच नसतो

री-ग्लेझिंग, री-एनॅमलिंग, री-सरफेसिंग, रिफिनिशिंग अशी चार नावं बाजारात चालतात. काम एकच असतं. पहिली दोन नावं फसवी आहेत, कारण तुमच्या न्हाणीघरात कुणी भट्टी लावत नाही. खरं एनॅमल पुन्हा चढवायचं तर टब उचलून कारखान्यात न्यावा लागेल. शंभर किलोंच्या वर वजन असलेला टब जिन्यावरून खाली न्यायचा आणि परत चढवायचा, मग फोडायचा वाचवला तरी कशाला? म्हणून मी या लेखात 'मुलामा' हा साधा शब्द वापरते.

हा मुलामा म्हणजे दोन भागांचा रंग. एका डब्यात राळ, दुसऱ्यात हार्डनर. अराल्डाइटच्या दोन ट्यूबा एकत्र केल्या की थोड्या वेळाने दगडासारखं घट्ट होतं, तीच जात. सहसा खाली इपॉक्सीचा प्रायमर आणि वर पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात असतात. गॅरेजमध्ये गाडीला ठोकर लागल्यावर जो हार्डनरवाला रंग मारतात त्याचा हा सख्खा भाऊ. फवारा मारून चढवतात, म्हणून ब्रशचे वळ दिसत नाहीत.

सगळे हात मिळूनही जाडी मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतकीच भरते, आणि काचेपुढे हा थर मऊ असतो. पितळी तांब्या निसटून पडला तर काच कदाचित सोसेल, मुलामा सोसणार नाही. म्हणून मुलाम्याकडून मूळ एनॅमलइतक्या आयुष्याची अपेक्षा करू नये. काम चांगलं आणि वापर जपून असला तर साधारण दहा वर्षं. काम उरकलेलं असलं तर वर्षभरातच पोपडे.

दहा वर्षं आणि एक वर्ष यांतला फरक कुठून येतो, हे कल्हईवाल्याला विचारलं तर तो लगेच सांगेल.

## कल्हईवाला आधी भांडं का घासतो

दारावर कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही मुलं भात्याभोवती कोंडाळं करायचो. आमचं लक्ष कथलाच्या कांडीवर असायचं. भांड्याच्या आतून कापसाचा बोळा फिरला आणि काळपट पितळेवर चांदी पसरली, की तेवढीच जादू. पण त्याचा बराचसा वेळ त्याच्या आधी जायचा. भांडं घासायचं, तापवायचं, आणि मग चिमूटभर नवसागर. पांढरा धूर नाकात जायचा आणि आम्ही मागे सरायचो. नवसागर धातूवरचा गंजाचा अदृश्य पापुद्रा खातो, त्याखालचा कोरा धातू उघडा पडतो, आणि मगच कथील धरतं. नवसागर टाळला तर कथलाचे मणी होऊन भांड्यात नुसते घरंगळतात.

टबाचंही तसंच, पण अडचण इथे जास्त आहे. कथील आणि तांबं तापून एकमेकांत मिसळतात. रंग आणि काच थंड असतात, ते मिसळत नाहीत. रंगाला काचेला नुसतं धरून राहायचं असतं, आणि काच ही जगातल्या सगळ्यात गुळगुळीत, न शोषणाऱ्या वस्तूंपैकी एक. आरशावर ऑइलपेंट मारून बघा, वाळल्यावर नखाने सालीसारखा निघतो.

मग पकड आणायची कशी? कारागीर दोन-तीन उपाय एकत्र करतात. एक म्हणजे पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग खरवडायचा, म्हणजे रंगाला बोटं रोवायला खाचा मिळतात. दुसरा, काच खाणारं आम्ल लावायचं. याचं नाव हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते भयंकर आहे, त्याबद्दल पुढे. तिसरा उपाय सिलेन नावाच्या द्रवाचा. त्याच्या रेणूचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं रंगाला. एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने पोराचा हात धरून उभ्या असलेल्या माणसासारखं.

मावशीकडे आलेले कारागीर पन्नाशीचे होते, आधी गाड्या रंगवायचे. सकाळी साडेनऊला आले. पहिला तास फक्त साफसफाई. टबाच्या कडेचं जुनं सिलिकॉन ब्लेडने ओढून काढलं आणि शेवटचा धागासुद्धा बोटाने चाचपून बघितला. मी विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "ताई, सिलिकॉन राहिलं तर तिथे रंग बसतच नाही. तेलकट ताटावर पाणी कसं गोळा होतं, तसा पळतो." मग साबण काढणारं द्रावण, मग स्वच्छ पाणी, पुन्हा द्रावण, पुन्हा पाणी. घासणं ओलं ठेवूनच केलं, धूळ उडू दिली नाही. जुन्या एनॅमलमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे ही सावधगिरी घरातल्या लहान मुलांसाठीही महत्त्वाची आहे. टवका उडाला होता तिथला गंज पार काढून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली. नळ ठिबकत होता तो आधीच बंद करायला सांगितला होता, तरी त्यांनी नळाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, न जाणो एखादा थेंब पडला तर. शेवटी धूळ टिपायचं चिकट फडकं फिरवलं.

पहिला फवारा मारला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. फवारणीचं प्रत्यक्ष काम, मधले थांबे धरूनही, दीड तासात संपलं. म्हणून कारागीर ठरवताना मी "रंग कोणता?" याआधी "तयारीला किती तास लावता?" हे विचारा असं सांगेन. दोन तासांत सगळं उरकून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

## कोशिंबिरीला पाणी सुटतं तसं

ठाण्यात भाड्याने राहत असताना आमच्या बेसिनला मालकांनी असाच मुलामा करून घेतला होता. तीन महिने सुरेख. मग जाळीजवळ मोहरीएवढा एक फोड दिसला. महिन्याभरात त्याचे पाच झाले. एकावर नख टेकवलं तर तो फुटला, आतून थेंबभर पाणी आलं आणि पांढरा पापुद्रा पोस्टाच्या तिकिटाएवढा उलगडला. खालचं जुनं बेसिन तसंच्या तसं गुळगुळीत होतं. म्हणजे पकड कधी बसलीच नव्हती.

वरून थर अखंड दिसत असताना आत पाणी गेलं कसं? काकडीला मीठ लावलं की तिचं पाणी बाहेर येतं. मीठ पाण्याला स्वतःकडे ओढतं. रंगाचा थर आपल्याला सलग वाटला तरी त्यातून पाणी अगदी सावकाश आत झिरपत असतं. थराखाली साबणाचा, क्षाराचा किंवा आम्लाचा नीट न धुतलेला अंश राहिला असेल, तर तो मिठाचं काम करतो. पाणी ओढून घेतो, थर उचलला जातो, फोड येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. कारागिराचं ते पुन्हा पुन्हा धुणं वेळकाढूपणा नसतो. आणि मुलामा केलेल्या टबात पाणी सतत साठवून ठेवणं हा त्याच्यावरचा सगळ्यात मोठा अत्याचार आहे. आंघोळीचं पाणी अर्ध्या तासात निघून जातं, थर वाळतो. मुंबईतल्या जुन्या घरांत मात्र टब म्हणजे टाकी. चोवीस तास भरलेला. हे मावशीला समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

## पावसाळ्यात करू नका

पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधला मुख्य घटक आयसोसायनेट. त्याला राळेशी जोडलं जायचं असतं, पण वाटेत पाणी भेटलं तर तो पाण्याशीच जोडला जातो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे वाळत्या रंगात बुडबुडे, आणि बुडबुडा फुटला की टाचणीएवढं भोक. तेच भोक पुढे पाण्याची वाट होतं. इपॉक्सीलाही दमट हवा चालत नाही, त्याच्यावर मेणचट साय येते आणि वरचा हात धरत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीतल्या न्हाणीघराची भिंत हाताला ओली लागते. अशा हवेत चांगला कारागीरही हतबल असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पुण्या-नाशिकला मार्च-एप्रिलही चालेल.

फवारा मारल्यावर काही तासांत थर हाताला कोरडा लागतो. तो वाळलेला असतो, पिकलेला नसतो. पाणी लावायला किमान एक ते दोन दिवस, कारागीर सांगेल तितके. पूर्ण कडकपणा यायला आठवडाभर तरी जातो. घरात एकच न्हाणीघर असेल तर आंघोळीची सोय आधी शेजारी किंवा भावाकडे लावून मगच तारीख ठरवा.

## वास कशाचा, आणि धोका कुणाला

हा भाग मी सगळ्यात काळजीपूर्वक वाचा असं म्हणेन, कारण इथे माणसं मेली आहेत.

टबावर आधीचा एखादा मुलामा असेल तर तो काढावा लागतो. त्यासाठी पेंट रिमूव्हर वापरतात आणि त्यात मिथिलीन क्लोराइड असू शकतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२ साली दिलेल्या माहितीनुसार, २००० ते २०११ या काळात टबांचा जुना थर काढताना या रसायनाने १३ कामगारांचा जीव घेतला. घटना घराघरातल्या लहान न्हाणीघरांत घडल्या, जिथे हवा खेळती नव्हती.

कारण समजून घेतलं की अंगावर काटा येतो. या रसायनाची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर उडून जात नाही, टबाच्या तळाशी पाण्यासारखी साचते. आणि तळ घासायला कामगार त्याच टबात डोकं घालून वाकलेला असतो. आधी गुंगी येते, मग तो टबातच पडतो, त्या वाफेच्या तळ्यात. शिवाय शरीरात गेल्यावर या रसायनाचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो, म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदही घटते. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या पेंट रिमूव्हरमधून ते काढून टाकलं आणि २०२४ मध्ये बहुतेक व्यावसायिक वापरांवरही बंदी आणली. आपल्याकडे कुणी तुमच्या न्हाणीघरात पेंट रिमूव्हर घेऊन आला तर डब्यावरचं नाव वाचा. मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलेलं असेल तर काम थांबवा. ब्लेड आणि पॉलिश पेपरने वेळ जास्त लागेल, लागू दे.

दुसरा धोका फवाऱ्याचा. आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला १९८४ चं भोपाळ आठवतं. तिथला मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांनाच उकळणारा, हां हां म्हणता वायू होणारा पदार्थ होता. हार्डनरमधले त्याचे भाऊबंद जड असतात, आपण होऊन तसे उडत नाहीत. पण फवाऱ्याच्या बारीक थेंबांवर बसून ते फुप्फुसात पोचतात. तिथे ते दम्याला निमंत्रण देतात. एकदा शरीर त्यांच्यावर बिथरलं की पुढे अगदी थोडा अंश नाकात गेला तरी धाप लागते. अनेक कारागिरांना धंदा सोडावा लागतो तो यामुळे.

तोंडाला रुमाल बांधणं हे संरक्षण नाही. करोनातला कापडी मास्कही नाही. बाहेरून नळीने ताजी हवा आणणारा मास्क सर्वात चांगला, निदान रसायनांसाठीची डबी लावलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क तरी हवाच. शिवाय खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा. मावशीकडच्या कारागिरांनी खिडकीची काच काढून तिथे मोठा पंखा बसवला होता आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला होता. ते आत असताना बाहेर त्यांचा भाचा उभा होता आणि दर दहा मिनिटांनी हाक मारायचा, "मामा, ठीक ना?" आतून उत्तर आल्याशिवाय तो हलायचा नाही.

हायड्रोफ्लोरिक आम्लाचंही सांगायला हवं. ते कातडीवर पडलं की कधी कधी लगेच दुखतही नाही, पण आत शिरत जातं आणि शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. थोड्या जागेवर पडलं तरी दवाखाना गाठावा लागतो. घासून आणि सिलेन लावून काम होत असेल तर ते आम्ल घरात येऊच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपल्यासाठी: काम चालू असताना आणि त्या रात्री लहान मुलं, गरोदर बाई, दमेकरी, पाळलेला पोपट-मांजर, कुणीही घरात नको. वास गेला म्हणजे सगळं संपलं असं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही पंखा चालू ठेवा.

## "पण ते पाच वर्षांची हमी देतात"

हमीचा कागद मागा आणि तो बारीक वाचा. बहुतेक वेळा पोपडे निघाले तर दुरुस्ती असते, टवका उडाला, ओरखडा पडला किंवा पाणी साठवलं तर नसते. सोललेला भाग तेवढाच पुन्हा रंगवून देणं ही खरी दुरुस्ती होत नाही, जोड दिसतो आणि कडेने पुन्हा उचलतो. खाली पकडच नसेल तर सगळा थर काढून पहिल्यापासून करावं लागतं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त खर्चाचं होतं.

## बेसिनचं काय करावं

साधं भिंतीवरचं बेसिन असेल तर माझा सल्ला सरळ आहे, बदला. ते दोन स्क्रूंवर टांगलेलं असतं, प्लंबर तासाभरात काढतो, लाद्या फुटत नाहीत. मुलाम्याचा खर्च आणि ते रसायनांचं जंजाळ त्यासाठी करण्यात अर्थ नाही. तडा गेलेलं बेसिन तर मुलाम्याने वाचतच नाही. तडा आतून हलत राहतो आणि वरचा थर त्याच रेषेत फाटतो.

अपवाद आहेत. मुंबईतल्या जुन्या इमारतींत खांबावर उभी असलेली जाडजूड बेसिनं असतात, तशी आता मिळत नाहीत. मोझॅकच्या कट्ट्यात बसवलेलं बेसिन काढताना कट्टाच फुटतो. तिथे मुलाम्याचा विचार करावा. ओतीव लोखंडाच्या टबासाठी मात्र तो जवळजवळ नेहमीच करण्याजोगा आहे, गंजून आरपार भोक पडलेलं नसेल तर.

## घरीच किट आणून?

ऑनलाइन किट मिळतात. ब्रशने लावायचे किंवा ओतून पसरायचे. टवका बुजवायला छोटी बाटली ठीक आहे, गंज पुढे सरकू देत नाही. पूर्ण टबासाठी मी नको म्हणेन. किटमधला रंग वाईट असतो असं नाही, पण सकाळी साडेनऊ ते अडीचपर्यंतचं ते घासणं-धुणं आपल्या हातून तितक्या नेटाने होत नाही. आणि मास्क आपल्याकडे नसतो.

## न्यू जर्सीतल्या भाचीचा प्रश्न

माझी भाची एडिसनला भाड्याच्या घरात राहते. तिथे भाडेकरू बदलला की मालक टबाला नवा मुलामा देऊन घेतात, ही सर्रास पद्धत आहे. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी तिने तळाला सक्शन कपांनी चोखून धरणारी रबरी चटई टाकली, बाळ घसरू नये म्हणून. महिन्याने चटई उचलली तर तिच्या गोल चोखण्यांबरोबर थराचेही गोल तुकडे निघाले आणि मालकाने अनामत रकमेतून पैसे कापायची भाषा केली.

अशा घरात राहायला जाताना टबाचे फोटो तारखेसह काढून ठेवा, मुलामा कधी केला ते लेखी विचारा. चटई लागणारच असेल तर चोखण्या नसलेली घ्या आणि आंघोळ झाली की उचलून दांडीवर वाळत टाका. थर मुळातच निघत असेल तर तो बाळाच्या हाताला आणि तोंडात लागू देऊ नका, मालकाला त्याच दिवशी कळवा.

## रोजचा वापर

भांडी घासायचं पातळ साबणाचं द्रावण आणि मऊ स्पंज, बस. पावडर, काथ्या, तारेची घासणी, संडासाचं ॲसिड आणि ब्लीच टबापासून लांब. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवून सांगा, आणि त्यांच्या हाताशी स्पंज ठेवा. नुसतं "जपून घासा" म्हणून उपयोग नाही, कारण त्यांना टब पांढरा दिसायला हवा हेच आजवर आपण सांगत आलोय. लोखंडी बादली टबात ठेवू नका, ओलं फडकं कडेवर पडू देऊ नका. नळ ठिबकायला लागला की त्याच आठवड्यात वायसर बदला.

मावशीने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "ते सगळं ठीक, पण पाणी कशात भरू?" आम्ही झाकणाचे दोन निळे ड्रम आणले, एक खिडकीखाली, एक दाराआड. पहिले काही दिवस पहाटे पाणी आलं की तिचा हात सवयीने टबाच्या नळाकडे जायचा. आता तिथे नळाच्या चावीला तिने लाल सुतळी बांधून ठेवली आहे.